सूचना : बाल्साच्या मुक्त-उड्डाण विमानांची बांधणी

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, मुक्त-उड्डाणाचे (सोडल्यावर कोणत्याही नियंत्रणाविना उडणारे) छोटे विमान बांधताना बाल्साची, म्हणजे त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अतिशय हलक्या लाकडाची, निवड वजन करूनच करावी, कारण एकाच मापाच्या दोन पट्ट्यांच्या वजनात दुपटीचा फरक सहज आढळतो आणि शेपटीकडे वाढलेला एक ग्रॅम तोलण्यासाठी नाकावर त्याहून कितीतरी अधिक क्ले (वजनासाठीची मऊ माती) लावावी लागते. सर्वांत हलकी फळी शेपटीसाठीच राखून ठेवावी. पंखाच्या लाकडाचे रेषे पंखाच्या लांबीच्या दिशेने असावेत. सांध्याबाहेर ओघळलेला गोंद मजबुती वाढवत नाही, वजन मात्र वाढवतो.

हवेत गेल्यावर विमानाला स्वतःच सावरायचे असते. म्हणून दोन्ही पंख वरच्या बाजूस सारख्याच कोनात उचललेले आहेत ना, हे विमान मागून डोळ्यांच्या रेषेत धरून आवर्जून तपासावे. पहिली चाचणी वारा पडलेला असताना गवतावर घ्यावी आणि विमान नाक किंचित खाली ठेवून, न भिरकावता, अलगद सोडावे. ते नाक वर करून थबकत असल्यास क्ले थोडी वाढवावी, सूर मारत असल्यास कमी करावी. एका वेळी एकच बदल करावा, ही विनंती.