दोन पोती ज्वारी

पुणे,
12 मार्च 2026

तीर्थरूप आई आणि बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका. फोनवर हे बोलणं होत नाही. तुम्ही 'सगळं बरं आहे' म्हणता, मी 'जेवलात का' विचारते आणि फोन ठेवला जातो. शिवाय मला जे सांगायचंय ते तुमच्यासमोर बोलायला जीभ रेटत नाही.

दिवाळीत मी म्हणाले होते, "कशाला ज्वारीच्या मागं मरता? रान बटईनं द्या. वर्षाला दोन पोती ज्वारी मी विकत घेऊन देते." तुम्ही तेव्हा नुकतीच पेर उरकून आला होता. सप्टेंबरात मांजरा नदी पात्राबाहेर आली, सोयाबीन पाण्यात कुजलं, वाफसा यायला महिना गेला आणि त्या चिखलातून उठून तुम्ही पुन्हा तीन एकर मालदांडी ज्वारी पेरली होती. माझं बोलणं ऐकून तुम्ही काहीच बोलला नाहीत. अर्धं ताट तसंच ठेवून बैलांना पाणी दाखवायला गेलात. काढणीचे दहा दिवस तुमच्याबरोबर काढून आल्यापासून ते माझं वाक्य मला टोचतंय. मी ते मागं घेते.

हुरड्याला मी दरवर्षी येते. येळवशीला, वेळ अमावस्येच्या सणालाही येते. कोपीत बसून आंबील प्यायची, भज्जी-उंडे खायचे, रानाचे फोटो काढायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. काढणीला मात्र बारावीनंतर आलेच नव्हते. माझ्या मनात ज्वारीचं जे रान होतं ते हुरड्याचं होतं.

पहिल्या दिवशी आईनं साडेचारला उठवलं. दहिवरानं पाला मऊ असतो तोवरच काढायची, ऊन चढलं की पात्याची धार हाताला लागते, हे लहानपणापासून ऐकलेलं. हाताला ते यंदा कळलं. आई दोन-तीन धाटं एका मुठीत धरते, कमरेतून जराशी मागं रेलते आणि मुळासकट उपसते. मुळाची माती पायावर आपटून झाडते, आडवी टाकते, पुढं जाते. मी नुसत्या हातांनी ओढत होते. ती अख्ख्या अंगानं ओढते. काळ्या रानाला भेगा पडलेल्या, मुळं तर खिळे ठोकल्यासारखी घट्ट. दहा वाजेपर्यंत माझ्या तळहाताला फोड आले आणि आई माझ्यापुढं दोन पाती निघून गेली होती.

त्या रात्री मी तिचा हात दिव्याखाली धरून पाहिला. करंगळीच्या बुडाशी चीर पडली होती आणि तिच्यात माती बसून काळी रेघ झाली होती. खोबरेल लावायला गेले तर म्हणाली, "आता लावून काय, सकाळी पुन्हा उकलंल." आई, तुझ्या त्या हाताच्या भाकरी मी इतकी वर्षं खाल्ल्या आणि ती रेघ मला कधी दिसली नाही.

माणसांची काय ओढाताण असते तेही आता कळलं. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या अजून माघारी आलेल्या नव्हत्या. काढणीचं गुत्तं घेणाऱ्या बायकांनी तिसऱ्या दिवशी येतो म्हणून सांगितलं आणि त्या सहाव्या दिवशी आल्या. त्यांना बोल लावत नाही. गावातली सगळी ज्वारी एकाच आठवड्यात वाळते आणि हात तेवढेच. पण त्या तीन दिवसांत बाबा, तुम्ही दिवसातून वीसदा आभाळाकडं बघत होता. बोलता बोलता, पाणी पिता पिता, पेंढीचा आळा आवळता आवळता मान वर जायची. झोपतानाही बाज अंगणात ओढून घेतली होती तुम्ही. 2014 ची गारपीट तुमच्या मानेत बसली आहे. त्या वर्षी फेब्रुवारी सरता सरता सुरू झालेलं ते मार्च अर्धा होईतो चाललं होतं. बांधावर गारांचा ढीग आणि आडवी झालेली कणसं मलाही आठवतात. पण मी परीक्षेच्या पुस्तकात डोकं घालू शकले, तुम्हाला घालायला जागा नव्हती.

चौथ्या दिवशी मावळतीला आभाळ आलंच. अर्ध्या रानात पेंढ्या पडलेल्या, कणसं मोडायची बाकी. मालदांडीचा दाणा मोत्यासारखा असतो तोवरच त्याला भाव. भिजला की काळा पडतो आणि मोंढ्यात व्यापारी मूठभर तळहातावर घेऊन न बोलता परत पोत्यात टाकतो. दाणा गेला की कडबाही काळा पडतो आणि जनावर तोंड फिरवतं. आपण तिघं पेंढ्या गोळा करायला लागलो तर बघते, वरच्या वस्तीवरचे दोघं, शेजारच्या काकू, त्यांची सून, पलीकडचा तो पॉलिटेक्निकला जाणारा पोरगा, सगळे न बोलावता रानात उतरलेले. अंधार पडेपर्यंत बुचाड लागलं, वर ताडपत्री पडली, तिच्या कडांवर दगड ठेवले. नंतर दहा मिनिटं थेंब आले आणि गेले. काकू पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "आमची परवा काढायची हाय, यायचं बरं." सावडीचा हिशोब एवढाच. मी ठरल्या दिवशी त्यांच्या रानात गेले तेव्हा फोड फुटलेले होते, तरी दहा दिवसांत मला सगळ्यात बरं तिथंच वाटलं.

आता हडंब्याच्या रात्रीबद्दल. आई, हे तुला ऐकवायचंच आहे.

मळणीचं मशीन रात्री साडेअकराला आलं, कारण आपला नंबर तेव्हा लागला. सगळे दिवसभराचे थकलेले. बल्बच्या उजेडात भुसकट असं उडत होतं की समोरचा माणूस दिसेना, अंगाला कूस लागून आग होत होती. आणि तू हडंब्याच्या तोंडाशी उभी राहून कणसं लोटत होतीस. तुझा खोचलेला पदर सुटलेला मला दिसला. मी ओरडले, पण त्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. धावत येऊन तुला दंडाला धरून मागं ओढलं तर तू माझ्यावरच रागावलीस, कणसं सांडली म्हणून. मी कडब्याच्या आड जाऊन रडले. तुला सांगितलं नाही, आज सांगते. यापुढं तू मशीनच्या तोंडाशी उभी राहायचं नाही. त्या कामाला एक माणूस जास्त लावायचा, त्याचे पैसे मी देणार. बाबा, यावर वाद नको.

पहाटे तीनला मशीन थांबलं आणि एकदम शांत झालं. तुम्ही राशीला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पायली भरली. पहिल्या मापाला तुम्ही 'एक' म्हटलं नाही, 'लाभ' म्हटलं. मग दोन, तीन. आजोबा असंच मोजायचे. मी दिवसभर आकड्यांत असते, हजार कोटींचे ताळेबंद बघते, पण मोजणीची सुरुवात 'एक'नं न करणारी माणसं माझ्या घरात आहेत हे मी विसरून गेले होते. बाजूला काढलेल्या दोन पायल्या कुणासाठी हे मी विचारलं. नदीकाठच्या ज्या घराचं रान पुरानं मातीसकट खरवडून नेलं, त्यांच्यासाठी, असं तुम्ही म्हणालात. त्यांना यंदा पेरताच आलं नव्हतं. त्यांच्या दारात ती ज्वारी मीच नेऊन दिली. त्या आजींनी दाणे हातात घेऊन वास घेतला आणि मग सुपात ओतले. माझ्या विकतच्या दोन पोत्यांत हे कुठं बसलं असतं, बाबा?

परतताना गाडीत मी हिशोब मांडला, सवयीनं. तीन एकरांत एकवीस क्विंटल. पेर लांबली असताना हे चांगलंच. सरकारनं 2025-26 साठी मालदांडीला क्विंटलला 3749 रुपये हमीभाव ठरवलाय. त्या दरानं सगळी विकली तर अठ्ठ्याहत्तर हजार सातशे. त्यातून बी, खत, पाळी, पेरणी, गुत्तं, मळणी वजा केली आणि तुमच्या दोघांची मजुरी धरली तर हातात फार थोडं राहतं. दिवाळीत मी हाच हिशोब करून बोलले होते. पण त्यात मी कडबा धरलाच नव्हता. दोन बैल, एक गाय आणि वासरू वर्षभर ज्याच्यावर जगतात ती कडब्याची अख्खी वळई माझ्या कागदावर शून्य होती. माझ्या घरी येणारं पोतं, दादाकडं जाणारं पोतं, घरात खायला राहणारी ज्वारी, तीही शून्य. आणि हरभरा का करत नाही, मशीननं एका दिवसात निघतो, असं मी म्हणायचे तेव्हा तुम्ही "हरभऱ्यानं बैल जगत नाय" एवढंच म्हणायचा. मला वाटायचं तुम्ही हट्टी आहात.

तरीही एक मागणं आहे. तीन एकर आता तुमच्यानं होत नाही. बाबा, राशीवरून उठताना तुम्ही माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि आईला दिसू नये म्हणून लगेच हात काढला. मला कळलं. पुढच्या वर्षी ज्वारी दीड एकर करा, वरच्या भारी रानात. घर, बैल आणि देण्याघेण्यापुरतं त्यात भागेल. खालच्या तुकड्यात हरभरा करा. पावसाळ्यानं दगा दिला नाही तर काढणी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येईल. मार्चअखेरच्या आधी मला रजा मिळते, मी आत्ताच सांगून ठेवलीय. दादाशीही बोलले, तो आठ दिवस येतो म्हणालाय. त्याला तुम्ही फोन करून 'कशाला येतो' म्हणू नका, नाहीतर तो खरंच येणार नाही.

बाकी, आईला चिरेसाठी मलम पाठवलंय, ते रात्री लावून वर जुना मोजा घालायचा. दळणातली ज्वारी निवडताना चष्मा लावायला सांगा. वळईची पश्चिमेकडची बाजू मला कलती वाटली होती. अवकाळीच्या आत तेवढी नीट लावून घ्या, पण तुम्ही वर चढू नका, त्या पॉलिटेक्निकच्या पोराला चढवा. त्याला सांगा, ताईनं सांगितलंय.

परवा त्या नव्या ज्वारीची पहिली भाकरी केली. पीठ गरम पाण्यात मळलं तरी माझी भाकरी कडेला फाटते. आई, तू थापताना काय करतेस ते मी आल्यावर पुन्हा दाखव.

तुमची लेक