हरळी काढणाऱ्या मामांना

मामा नमस्कार,

तुमच्याकडं साधा फोन, त्यामुळं नातीला सांगितलंय हे वाचून दाखव म्हणून. पैसे दिले त्या दिवशी "ऱ्हाऊ दे की आता" म्हणत सायकलवर टांग टाकून गेलासा, बोलायचं सगळं राहूनच गेलं.

दारातलं लॉन काढून फुलझाडं लावायची हे आईनं ठरवलं ते पाण्यामुळं, उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण असताना रोज संध्याकाळी गवतावर पाईप धरायचा हे तिला बघवत नव्हतं. मग एकाकडून टिकाव मारून सगळं खणून घेतलं, पैसे गेले आणि महिन्याभरात हरळी दुप्पट. तेव्हा तुम्ही आलासा, मातीत हात घालून एक पांढरी काशी, म्हणजे हरळीचं जमिनीखालचं खोड, काढून दाखवलीत आणि म्हणालासा, हिचे जेवढे तुकडे केले तेवढ्या हरळ्या झाल्या बघा, पेराला पेराला फुटतीया ही.

दुसरा कोण असता तर त्याच आठवड्यात परत खणून पैसे घेऊन गेला असता. तुम्ही म्हणालासा आता उनालाच काम करू दे. जमीन भिजवून वर प्लास्टिक ताणलं, कडा मातीनं दाबल्या, काळं नको आरपार ऊन जाणारंच आणा हे तीनदा बजावलं, आणि एप्रिलच्या मधापासून सहा आठवडे कुणी उचलून बघायचं नाही.

मृगाच्या आधी काढलं तर वरचं सगळं जळालेलं. आम्ही खूश, तुम्ही नाही. खोलातल्या काशा जित्या असत्यात म्हणून तीन दिवस खुरपं घेऊन उकिडवे बसलासा आणि एकेक वेचून फरशीवर वाळत घातली, साठीच्या पुढचं वय आणि डोक्यावर ते ऊन, ते तीन दिवस मी कधी विसरणार नाही मामा.

आमची काळी माती, पाणी धरून बसते, म्हणून वीतभर उंच गादीवाफा केलात, शेणखत निंबोळी पेंड मिसळून, कडेनं चर काढून, आणि वर उसाचं पाचट, जे लोक शेतात पेटवून देतात ते. जुलैत पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली होता तेव्हा पण आमचं सगळं पाणी चरातनं निघून गेलं, अबोली तगर जास्वंद गवती चहा, एक रोप कुजलं नाही.

आणि कढीपत्त्यावर अळ्या बघून मी औषध आणायला निघालेलो तेव्हा फोनवर म्हणालासा, थांबा, फुलपाखराच्या हैत, खाऊ देत चार पानं. त्यातली दोन काळी फुलपाखरं आमच्या खिडकीसमोरच बाहेर पडली, आईनं मला हाक मारून दाखवली.

पाचट आता कुजून खाली बसलंय, दसऱ्याच्या आधी परत घालायला पाहिजे. यावेळी गाडी भरून मी आणून ठेवतो, पसरतो पण मीच, तुम्ही नुसतं खुर्चीवर बसून सांगा कुठं किती. आणि आई म्हणते जेवल्याशिवाय सोडायचं नाही, तेव्हा डबा आणू नका.