सॉफ्टबॉलचा प्रशिक्षक स्पर्धेपुरता नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंतरमहाविद्यालयीन सॉफ्टबॉल स्पर्धेची तारीख लागली की गोव्यातल्या बऱ्याच महाविद्यालयांत प्रशिक्षकाची शोधाशोध सुरू होते. हाताशी जेमतेम तीन आठवडे, मानधन दिवसाच्या हिशेबाने, आणि स्पर्धा आटोपली की संबंध संपला. पुढच्या वर्षी नवा माणूस येतो आणि ग्लोव्ह कुठल्या हातात घालायचा इथपासून पुन्हा सुरुवात होते. अशा रीतीने कुणाची कारकीर्द घडत नाही आणि संघही उभा राहत नाही.

शारीरिक शिक्षण संचालकाचे पद आहेच की, असे कुणी म्हणेल. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीनुसार त्याला ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट, खेळातला सहभाग आणि धावण्याची चाचणीही लागते: तिशीपर्यंतच्या पुरुषाला १२ मिनिटांत १८०० मीटर, स्त्रीला ८ मिनिटांत १००० मीटर. निकष योग्यच आहेत. पण ही एकटी व्यक्ती फुटबॉलपासून बुद्धिबळापर्यंत सगळे सांभाळते. रोज तासभर फक्त पिचरजवळ, म्हणजे चेंडू खालून टाकणाऱ्या मुलीजवळ, थांबणे तिला कसे जमावे?

आणि मुलींचा सॉफ्टबॉल पिचरवरच तोलला जातो. पिचर उभी राहते त्या पिचिंग प्लेटपासून बॅटिंगच्या जागची होम प्लेट ४३ फूट, म्हणजे १३.१ मीटर. नवख्या मुलीला तेवढ्या अंतरावरून पहिल्याच दिवशी पूर्ण हात फिरवायला लावले की चेंडू कुठेही जातो. क्रम असा हवा: आधी तीन मीटरवरून फक्त मनगटाचा झटका, मग सहा मीटरवरून अर्धा फेरा, मग नऊ मीटरवरून पूर्ण विंडमिल (हाताचा पवनचक्कीसारखा पूर्ण फेरा), आणि दहापैकी सहा-सात चेंडू स्ट्राइक, म्हणजे होम प्लेटवरच्या ठरलेल्या टप्प्यात, पडू लागले की पूर्ण अंतर. चेंडू सुटताना कोपराखालचा हात कमरेला घासून गेला पाहिजे. चेंडू लवकर सुटला तर जमिनीत आपटतो, उशिरा सुटला तर होम प्लेटमागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या डोक्यावरून जातो. घाईतला प्रशिक्षक अशा वेळी ‘हळू टाक’ म्हणतो. मुलगी हाताचा वेग कमी करते, कंबर वळायची थांबते, आणि चेंडू आणखीच भरकटतो. सुटण्याची जागा दुरुस्त करायची असते आणि त्याला महिने लागतात.

खालून टाकायचे म्हणून खांद्याला त्रास नाही, हा समज तर घातकच. विंडमिलमध्ये दंडाच्या पुढच्या स्नायूवर आणि खांद्यावर मोठा ताण येतो. संघात एकच पिचर असली की दोन दिवसांत तिलाच सगळे सामने टाकावे लागतात. म्हणून दर वर्षी किमान तीन मुली पिचर म्हणून तयार करायला हव्यात. तीन आठवड्यांत एकही होत नाही.

कॅचरची गोष्ट अशीच. पहिल्या बेसवरची मुलगी दुसरा बेस चोरायला धावली की कॅचरला तिकडे चेंडू फेकावा लागतो. होम ते दुसरा बेस हे अंतर जवळपास २६ मीटर. चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत धावणारीला बेस सोडता येत नाही. त्यानंतर ६० फूट पळायला चांगल्या मुलीला साधारण तीन सेकंद लागतात. त्यातला अर्धा सेकंद पिचरचा चेंडू कॅचरपर्यंत पोचण्यात जातो. कॅचरने चेंडू घेतल्यापासून दुसऱ्या बेसवर पोचेपर्यंत दोन सेकंद लागले तर टॅगला, म्हणजे चेंडू अंगाला लावून बाद करायला, वेळ उरतो, अडीच लागले तर धावणारी सुखरूप. हा अर्धा सेकंद बहुतेक वेळा पायांच्या ठेवणीत वाया जातो, हाताच्या ताकदीत नाही. आपल्याकडच्या अनेक मुली क्रिकेटमधून येतात. त्या चेंडू घेऊन एक पाऊल जास्त टाकतात, आणि बॅटिंगला उभी बॅट घेऊन पुढचा पाय काढतात. या सवयी मोडायला एक सत्र पुरत नाही.

पावसाळा हे कारण नेहमी पुढे केले जाते. खरे तर जुलै ते सप्टेंबर हाच पाया घालण्याचा काळ. मनगट, अर्धा फेरा, कॅचरचे पाय, ग्राउंडर म्हणजे जमिनीवरून येणारा चेंडू घेण्याची बैठक, सगळे सभागृहात किंवा रुंद व्हरांड्यात होते. कातडी चेंडू भिजून जड होतो, म्हणून त्या दिवसांत रबरी वापरावा. ग्लोव्हला बुरशी लागली तर पुसून आत वर्तमानपत्राचा बोळा घालून पंख्याखाली ठेवावा. उन्हात ठेवला तर कातडे तडकते. पाऊस ओसरल्यावर लक्ष द्यायचे ते जांभ्या मातीच्या मैदानाकडे. पिचिंग प्लेटपुढे पाय घासून खड्डा पडतो, मुलगी तो चुकवून पाय पुढे टेकवते आणि तिथून दुसऱ्यांदा रेटा घेते, अंपायर ती फेक बेकायदा ठरवतो. दर सामन्यानंतर ओली चिकणमाती भरून धुम्मस केले की हा दोष बराच कमी होतो. हे सांगायलाही मैदानावर रोज येणारा माणूस लागतो.

अमेरिकेत महाविद्यालयीन मुख्य प्रशिक्षक ही पूर्णवेळ नोकरी आहे. पॅटी गॅसो आधी लाँग बीचच्या दोन वर्षांच्या कॉलेजात होत्या, १९९५ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठात आल्या, पहिले राष्ट्रीय विजेतेपद २००० मध्ये मिळाले आणि २०२४ पर्यंत आठ झाली. मिशिगन विद्यापीठाच्या कॅरल हचिन्स १९८५ पासून २०२२ पर्यंत मुख्य प्रशिक्षक होत्या. त्यांचे विजेतेपद २००५ चे. वीस वर्षे विद्यापीठाने वाट पाहिली. तिथला पैसा आपल्याकडे नाही, पण सातत्य ठेवायला तेवढा पैसा लागतही नाही.

आमची सूचना एवढीच. फोंडा, म्हापसा, मडगाव अशा एकेका परिसरातल्या तीन-चार महाविद्यालयांनी मिळून एक सॉफ्टबॉल प्रशिक्षक नेमावा, मानधन वाटून घ्यावे, करार किमान तीन शैक्षणिक वर्षांचा असावा. जाहिरात मे महिन्यात निघावी, काम जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हावे. मूल्यमापन पहिल्या वर्षी चषकावर करू नये. किती पिचर तयार झाल्या, किती मुली दुसऱ्या वर्षी टिकल्या, हे पाहावे. गुणलेखनाची वही आणि प्रत्येक पिचरने टाकलेल्या चेंडूंची नोंद महाविद्यालयाच्या ताब्यात राहावी, म्हणजे प्रशिक्षक बदलला तरी नव्याला कोरी पाटी मिळणार नाही.

आपले,
महाविद्यालयीन सॉफ्टबॉलशी संबंधित काही प्रशिक्षक,
फोंडा, गोवा