माथेरानच्या इंजिनासाठी मनःपूर्वक आभार

नेरळ-माथेरान रेल्वेच्या माझ्या छोट्या मॉडेल मांडणीवर इंजिन आता वळणात न अडता धावतं. १९०७ साली सुरू झालेल्या या दोन फुटी (रुळांमधलं अंतर दोन फूट) मार्गावरच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीच्या मूळ इंजिनांना क्लीन-लिंडनर पद्धतीचे पोकळ आस होते. टोकाची चाकं वळणाबरोबर सरकत. किती सुंदर युक्ती! १:७६ प्रमाणात, नऊ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर ती उतरवणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं.

म्हणून ज्या निवृत्त फिटरकाकांनी मधल्या चाकांच्या कडा लेथवर उतरवून दिल्या, त्यांचे आभार कसे मानू? पैशांचं विचारलं, तर म्हणाले, "गाडी चालली की दाखवायला आण."

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानदारदादांनी चाकांपासून वीज घ्यायला फॉस्फर ब्राँझची पातळ पट्टी शोधून दिली, त्यांचेही आभार.

आणि ताई, आपली ओळखही नव्हती. तरी तुम्ही एन गेज (नऊ मिलिमीटर रुळांच्या) मॉडेल इंजिनाची जुनी चॅसी, म्हणजे चाकांसकटचा खालचा सांगाडा, पोस्टाने पाठवलीत, तिच्यावरच ही बॉडी बसली. बाजूच्या टाक्यांत शिसं भरायचं तुम्हीच सुचवलंत. चढावर चाकं घसरायची थांबली ती त्यामुळेच. तुमचे फार उपकार आहेत.