स्पार्क प्लग कुठे असतो?

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या बारावीच्या वर्गातल्या मुलीचा प्रश्न वाचला. चंद्रावर हवा नाही, मग चांद्रयान-३ च्या विक्रम या लँडरचं इंजिन पेटलं कसं, आणि त्याचा स्पार्क प्लग कुठे असतो? पहिल्या अर्ध्याचं उत्तर तू दिलंच आहेस, की ज्वलनाला लागणारा ऑक्सिडीकारक यान सोबत नेतं. दुसऱ्याचं उत्तर असं की स्पार्क प्लग नसतोच. दोन द्रव एकमेकांना भिडले की आपोआप पेट घेतात. अशा जोडीला हायपरगोलिक म्हणतात. तू रसायनशास्त्र शिकवतोस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पेटवणं हा यातला सोपा भाग आहे. हे दोन द्रव आणि त्यांच्या वाफा महिनोन्‌महिने एकमेकांपासून लांब ठेवणं, ही खरी अडचण. या इंजिनांचे कितीतरी घात तिथेच झाले आहेत.

विक्रममध्ये इंधन होतं मोनोमिथाइल हायड्रझीन आणि ऑक्सिडीकारक होता डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड. हा दुसरा तुझ्या मुलांच्या ओळखीचा आहे. समतोल शिकवताना बंद काचनळी बर्फात धरली की तपकिरी रंग फिका पडतो आणि गरम पाण्यात धरली की गडद होतो, तीच ही जोडी. बर्फाकडे टेट्रॉक्साइड, उष्णतेकडे नायट्रोजन डायऑक्साइड. रॉकेटमध्ये तोच पदार्थ द्रवरूपात टाकीत भरलेला असतो. २१ अंश सेल्सिअसला तो उकळतो आणि उणे ११ च्या आसपास गोठतो. आपल्या हवामानात उघड्यावर त्याची वाफच होईल, म्हणून तो दाबाखाली आणि थंड ठेवावा लागतो. इंधन उणे ५२ पर्यंत द्रव राहतं आणि ८७ अंशांना उकळतं. साधं हायड्रझीन २ अंशांच्या आसपासच गोठतं, आणि दूरच्या प्रवासाला मिथाइल गटवालं घेण्याचं एक मोठं कारण तेच. द्रव ऑक्सिजन टाकीतून सतत उकळून उडत राहतो. ही जोडी मात्र वर्षभर टाकीत राहते, आणि झडप उघडली की कामाला तयार.

पेट घेणं दोन टप्प्यांत होतं. द्रव भेटताच आधी आम्ल-अल्कली अभिक्रिया होते. टेट्रॉक्साइड नायट्रोसोनियम नायट्रेटसारखा वागतो, हायड्रझीन अल्कलीसारखं, आणि त्यांच्या उदासिनीकरणातून भरपूर उष्णता सुटते. त्या उष्णतेने दोघांची वाफ होते, वायुरूपातला नायट्रोजन डायऑक्साइड इंधनाचे हायड्रोजन ओरबाडतो आणि ज्योत उठते. सगळं मिळून काही मिलिसेकंद. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकण्याचा प्रयोग मुलांनी पाहिला असेल. तिथे धूर येईपर्यंत ताटकळत थांबावं लागतं, आणि गारठ्यात तर अधिकच. रॉकेटमध्ये असा उशीर चालत नाही. तेवढ्या वेळात न पेटलेले द्रव दहनकक्षात साचत जातात आणि एकदम पेटले की दाबाचा धक्का कक्ष फोडू शकतो. याला हार्ड स्टार्ट म्हणतात. म्हणून दोन्ही झडपा उघडण्यातला फरक मिलिसेकंदांत मोजून ठरवतात, आणि इंजेक्टरच्या बारीक भोकांतून येणाऱ्या इंधनाच्या आणि ऑक्सिडीकारकाच्या धारा एकमेकींवर नेमक्या आदळतील अशा कोनात काढतात. निर्वातात आणखी एक भानगड असते. झडप उघडताच कक्षात दाब नसतो, त्यामुळे द्रवाची झटकन वाफ होते, वाफ होताना तो गार पडतो, आणि अर्धवट अभिक्रियेतून तयार झालेले नायट्रेटचे क्षार भिंतींवर चिकटतात. हे क्षार स्फोटक असतात. म्हणून थंड इंजिन तसंच सुरू करत नाहीत, हीटरने इंजेक्टर आणि झडपा ठरावीक तापमानाला आणून मगच चालवतात.

आता वर्गात करायला एक गणित. पूर्ण ज्वलनाचं समीकरण असं: इंधनाचे ४ रेणू आणि टेट्रॉक्साइडचे ५ रेणू मिळून कार्बन डायऑक्साइडचे ४, पाण्याचे १२ आणि नायट्रोजनचे ९ रेणू. रेणूभार ४६ आणि ९२ धरले तर १ किलो इंधनाला २.५ किलो ऑक्सिडीकारक लागेल. मंगळयानाच्या ४४० न्यूटनच्या इंजिनात मात्र हे प्रमाण १.६५ होतं. इंधन मुद्दाम जास्त. त्यामुळे कक्षाचं तापमान आवाक्यात राहतं, आणि बाहेर पडणाऱ्या वायूत हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड उरल्याने त्याचा सरासरी रेणूभार कमी राहतो, तो वेगासाठी चांगला. आणि १.६५ च का? ऑक्सिडीकारकाची घनता १.४४, इंधनाची सुमारे ०.८७५. भागाकार करून बघ, १.६५ च्या जवळ येतो. म्हणजे दोन्ही द्रव आकारमानाने सारखेच लागतात आणि दोन टाक्या एकाच मापाच्या करता येतात. मंगळयानात ३९० लिटरच्या दोन टाक्या आणि ८५२ किलो प्रणोदक (म्हणजे इंधन आणि ऑक्सिडीकारक मिळून) होतं. १.६५ ने वाटणी केली तर इंधन ३२१ किलो, ऑक्सिडीकारक ५३१ किलो, आणि लिटरमध्ये दोन्ही ३६७-३६८. मुलांकडून हे करून घे, उत्तर जुळलेलं पाहून त्यांना मजा वाटेल. इंजिन चालू असताना सेकंदाला फक्त १४५ ग्रॅमच्या आसपास प्रणोदक जातं, ९० ग्रॅम ऑक्सिडीकारक आणि ५५ ग्रॅम इंधन. चहाचा एक कप भरेल एवढंच.

या इंजिनात पंप नसतो. हेलियम एका वेगळ्या टाकीत दोनशे बारच्या वरच्या दाबाने भरलेला असतो, रेग्युलेटर तो दाब उतरवतो, आणि तो हेलियम दोन्ही टाक्यांतले द्रव पुढे ढकलतो. हलती यंत्रणा जवळपास नाहीच, पण त्यातच एक मेख आहे. हेलियमची टाकी दोघांना मिळून एकच, म्हणजे तिच्याकडून निघालेली नळी पुढे फुटून एक फाटा इंधनाच्या टाकीकडे आणि दुसरा ऑक्सिडीकारकाच्या टाकीकडे जातो. दहनकक्ष सोडला तर दोन्ही द्रव एकमेकांना भेटू शकतील अशी ही दुसरी जागा. तिथे एकमार्गी झडपा असतात, वायू पुढे जातो आणि मागे येत नाही. निदान येऊ नये. पण टेट्रॉक्साइडची वाफ टेफ्लॉनच्या सीलमधूनही हळूहळू झिरपते, आणि प्रवास दहा-अकरा महिन्यांचा असतो.

२१ ऑगस्ट १९९३ ला नासाच्या मार्स ऑब्झर्व्हर यानाशी संपर्क तुटला, मंगळाच्या कक्षेत शिरायला ३ दिवस राहिले असताना. टाक्यांवर हेलियमचा दाब चढवण्याची तीच वेळ होती. चौकशी समितीने सर्वांत संभाव्य कारण दिलं ते असं: प्रवासात ऑक्सिडीकारकाची वाफ एकमार्गी झडपांतून मागे झिरपून नळीत थंडावली आणि साचली, दाब सोडताच ती इंधनाशी भेटली आणि नळी फुटली. जपानच्या आकात्सुकी यानाचं दुखणं याच जातीचं, पण अधिक चिवट. ७ डिसेंबर २०१० ला शुक्राजवळ मुख्य इंजिन सुमारे १२ मिनिटं चालायचं होतं, ते अडीच मिनिटांतच थांबवावं लागलं. झिरपलेल्या वाफा इंधनाच्या बाजूच्या एकमार्गी झडपेपाशी भेटून तिथे अमोनियम नायट्रेट जमलं होतं आणि झडप नीट उघडली नाही. इंधनाचा दाब पडला, प्रमाण ऑक्सिडीकारकाकडे झुकलं, तापमान चढलं आणि वायू बाहेर सोडणारं सिरॅमिकचं नॉझल तुटलं. खत म्हणून शेतात पडणारा क्षार, त्याने एक यान ५ वर्षं सूर्याभोवती फिरत ठेवलं. बरोबर ७ डिसेंबर २०१५ ला छोट्या इंजिनांवर, म्हणजे थ्रस्टरांवर, त्याला शुक्राच्या कक्षेत बसवलं, ही त्या मंडळींची चिकाटी मला फार मोठी वाटते.

तिसरं उदाहरण जमिनीवरचं. २० एप्रिल २०१९ ला स्पेसएक्सच्या क्रू ड्रॅगन या माणसं नेणाऱ्या यानाच्या चाचणीत इंजिनं पेटण्याच्या क्षणभर आधी स्फोट झाला. इथे इंधन भेटलंच नव्हतं. एकमार्गी झडपेतून गळलेला थोडा टेट्रॉक्साइड हेलियमच्या नळीत साचला होता. दाब सोडताच तो द्रवाचा गोळा जोरात ढकलला गेला आणि टायटॅनियमच्या झडपेवर आदळला, आणि टायटॅनियमच पेटलं. मग त्या जागी एकमार्गी झडपेऐवजी फुटणारी चकती बसवली. फुटेपर्यंत ती पूर्ण बंद असते, झिरपायला वाटच नाही.

मंगळयानाच्या बाबतीत आपल्याकडे हे आधीच ओळखलं होतं, आणि त्यावर काढलेला तोडगा मला सगळ्यांत सुंदर वाटतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये पृथ्वीभोवतीची कक्षा वाढवताना वापरलेल्या नळ्या आणि झडपा ओल्या झाल्या होत्या. त्याच ३०० दिवसांनी पुन्हा वापरायच्या म्हणजे क्षार, गंज, गळती, सगळंच आलं. म्हणून समांतर नळ्यांचा आणि झडपांचा दुसरा संच बसवला आणि तो मंगळासाठी कोरडा राखून ठेवला. २२ सप्टेंबर २०१४ ला इंजिन ४ सेकंद चालवून पाहिलं आणि २४ तारखेला सुमारे २३ मिनिटं. एक अडखळण मात्र वाटेत झाली होती. ११ नोव्हेंबर २०१३ च्या फेरीत प्रवाहाच्या झडपेची मुख्य आणि पर्यायी अशी विजेच्या तारेची दोन्ही वेटोळी एकाच वेळी चालू करून पाहिली, तेव्हा प्रवाह थांबला. वेगात १३० मीटर प्रतिसेकंद वाढ हवी होती, ३५ च मिळाली. वेटोळी एकेक वापरली तर ठीक, दोन्ही एकदम नाही, हे कळलं आणि दुसऱ्या दिवशी राहिलेला वेग भरून काढला. पृथ्वीजवळ असताना कळलं म्हणून निभावलं.

धातूंबद्दल थोडं. टेट्रॉक्साइडमध्ये पाण्याचा अंश शिरला की नायट्रिक आम्ल होतं, ते पोलादातलं लोह विरघळवतं, आणि आयर्न नायट्रेटचा चिकट गाळ झडपांच्या बारीक फटींत बसतो. म्हणून नळ्या भरण्यापूर्वी कोरड्या नायट्रोजनने खडखडीत सुकवतात. टायटॅनियमची गोष्ट वेगळीच. १९६५ मध्ये अपोलोच्या टाक्यांना चाचणीत तडे गेले. शोधता शोधता लक्षात आलं की ऑक्सिडीकारक अधिक शुद्ध झाला होता, आधी त्यात असणारा नायट्रिक ऑक्साइड काढून टाकला होता, आणि तोच टायटॅनियमला सांभाळत होता. आता तो मुद्दाम मिसळतात. आपल्या यानांतल्या ऑक्सिडीकारकाच्या एमओएन-३ या नावातला ३ म्हणजे ३ टक्के नायट्रिक ऑक्साइड. त्याने द्रवाला हिरवट छटा येते.

मोठ्या इंजिनाबद्दल तू विचारलंस ते विकास. फ्रान्सच्या वायकिंग इंजिनावरून ते आपल्याकडे आलं. आपल्या पीएसएलव्ही रॉकेटचा दुसरा टप्पा आणि एलव्हीएम-३ रॉकेटचा गाभा त्यावर चालतो. जोर सुमारे ८०० किलोन्यूटन, त्यामुळे इथे टर्बोपंप लागतोच. इंधन यूएच-२५, म्हणजे ७५ टक्के असममित डायमिथाइल हायड्रझीन आणि २५ टक्के हायड्रझीन हायड्रेट. हे मिश्रण कशाला? २३ मे १९८० ला युरोपच्या एरियान रॉकेटचं दुसरं उड्डाण वायकिंगमधल्या ज्वलनाच्या अस्थिरतेने कोसळलं. दाबाच्या लाटा कक्षात घुमू लागल्या आणि इंजिन गेलं. त्यानंतर तिकडे नुसतं डायमिथाइल सोडून हे मिश्रण घेतलं. विकास इंजिनं विक्रोळीच्या गोदरेजमध्ये बनतात. आणि टेट्रॉक्साइड आपल्या रसायनीला, हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्समध्ये बनत असे. २०१७ मध्ये त्या कारखान्याचे बाकीचे विभाग बंद करायचं ठरलं तेव्हा हा एवढा विभाग इस्रोकडे सोपवण्याचा निर्णय झाला. पनवेलहून तिकडे जाशील तेव्हा मुलांना सांग.

मुलांना विषारीपणाचंही सांग, आणि हे जरा ठासून. मोनोमिथाइल हायड्रझीनची कामाच्या जागची मर्यादा हवेत दहा कोटी भागांत १ भाग आहे. माशासारखा वास नाकाला जाणवतो तो त्याच्या शंभरपटीच्या वर. म्हणजे वास आला तेव्हा उशीर झालेला असतो. ते गंजावर सांडलं किंवा चिंधीत मुरलं तर हवेतच पेटू शकतं. टेट्रॉक्साइडची वाफ आणखी फसवी. लगेच फक्त खोकला येतो आणि फुप्फुसात पाणी भरतं ते काही तासांनी. २४ जुलै १९७५ ला अपोलो-सोयूझ मोहिमेहून परतताना कुपीत ही वाफ शिरली, व्हान्स ब्रँड काही वेळ बेशुद्ध झाले आणि तिन्ही अंतराळवीरांना होनोलुलूच्या रुग्णालयात ठेवावं लागलं. म्हणूनच यानात प्रणोदक भरताना माणसं बाहेरून हवा पुरवलेल्या बंद पोशाखात असतात, इंधन आणि ऑक्सिडीकारक वेगवेगळ्या वेळी भरतात, आणि दोन्हींचे पाइप, पंप, वाफ धुण्याचे मनोरे, सगळं वेगळं. एकाचा पाना दुसऱ्याला लावत नाहीत.

एवढा त्रास आहे तर सोडून का देत नाहीत? त्या मुलीला ३ सप्टेंबर २०२३ ची गोष्ट सांग. विक्रम उतरून ११ दिवस झाले होते. चंद्रावरच्या उन्हात आणि धुळीत उभ्या असलेल्या यानाला आज्ञा दिली, झडपा उघडल्या, द्रव भेटले आणि पेटले. यान सुमारे ४० सेंटीमीटर वर उचललं आणि तीस-चाळीस सेंटीमीटर पलीकडे जाऊन पुन्हा पायांवर उभं राहिलं.

तिने आणखी काही विचारलं तर तिच्याच शब्दांत लिहून पाठव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश