सूचना: बर्नआउटवर बैठक, गुरुवारी दुपारी 3 वाजता

सर्व सिस्टर, ब्रदर, टेक्निशियन आणि मावशी-मामांसाठी,

सकाळच्या ड्यूटीचा चार्ज देऊन सेमिनार हॉलमध्ये यावे. नाइट करून आलेल्यांनी मात्र येऊ नये, झोपावे; त्यांच्यासाठी शनिवारी याच वेळी पुन्हा बैठक घेऊ.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटले आहे. सतत गळून गेल्यासारखे वाटणे, कामाविषयी कोरडेपणा येणे, आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे, ही त्याची लक्षणे. म्हणजे प्रश्न रोस्टरचाही आहे; नुसत्या प्राणायामाने सुटायचा नाही.

येताना:
- गेल्या महिन्यातल्या डबल ड्यूटी आणि बुडालेल्या सुट्ट्या चिठ्ठीवर लिहून आणा. नाव घालू नका.
- जेवायला गेलेल्याचे पेशंट कोणी बघायचे, ते सुचवा.

झोपच लागत नसेल, तर गुरुवारपर्यंत थांबू नका; इन्चार्ज सिस्टरांशी आजच बोला.