दुरुस्तच होत नाही अशी सायकल विकायची कशाला?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

दरवर्षी 3 जूनला जागतिक सायकल दिन असतो, 2018 साली युनोने तो ठरवला, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात हेल्मेट घातलेल्या लोकांचे फोटो येतात. सायकल चालवा, तब्येत सांभाळा, पेट्रोल वाचवा. सगळं खरं आहे आणि मला त्याचा आनंदच वाटतो. पण ती सायकल बनवलीय कशी, तिचा ब्रेक लागतो का, दोन वर्षांनी ती कुठे पडलेली असते यावर कधी एक ओळ वाचायला मिळाली नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. माझं जालन्यात सायकल रिपेअरिंगचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. हल्ली गिऱ्हाइकाला "हिचं काही होणार नाही" असं सांगायची वेळ वारंवार येते, आणि ती सायकल जुनी पण नसते, टायरवरचे रबराचे केस सुद्धा गेलेले नसतात.

आमच्या एमआयडीसीत सळईचे कारखाने आहेत, तिथल्या काही कामगारांकडे अजून ती काळी 22 इंची सायकल आहे. वजनाला जड, गिअर नाही, दिसायला साधी, पण तिचा एकूण एक पार्ट उघडतो. पिन हातोडीने ठोकून निघते, छर्रे बदलता येतात, छर्रे ज्याच्यावर फिरतात तो कोन, एक्सल म्हणजे आस, चेन, सगळं कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळतं आणि थोडक्या पैशात मिळतं. ओव्हरहॉलिंग करून दिली की माणूस निर्धास्त. बापाची सायकल पोरगा चालवतोय असं मी नेहमी बघतो.

आता दुकानात गेलं की लेकरं बोट दाखवतात ते डबल शॉकअप, पुढे मागे डिस्क, 21 गिअर, नाहीतर ते 4 इंची जाड टायरवालं. लेकरांचा दोष नाही, त्यांना तेच दाखवतात. पण मेकॅनिकच्या नजरेने बघा. स्वस्तातल्या सायकलीचा मागचा शॉकअप म्हणजे नुसती स्प्रिंग, तेल नाही, दाब नाही, आणि जिथे फ्रेम हलते तिथे प्लॅस्टिकचे बुश. ते घासले की मागचं चाक डावीउजवीकडे डुलायला लागतं आणि तो बुश सुट्टा कुठेच मिळत नाही. डिस्कचं पण तसंच, पातळ पत्र्याची चकती, जरा स्टँडला सायकलीला सायकल अडकली की ती वाकते, आणि बऱ्याच स्वस्त कॅलिपरमध्ये, म्हणजे चकती दाबणाऱ्या भागात, एकाच बाजूचं पॅड हलतं, ते चकतीला ढकलून दुसऱ्या पॅडवर नेतं, म्हणजे सेटिंग जरा हललं की एकतर घासत राहतो नाहीतर लागतच नाही. त्यापेक्षा ॲल्युमिनियमच्या रिमवर साधे रबरी ब्रेक दिले असते तर स्वस्त पडले असते, चांगले लागले असते, आणि मी दहा मिनिटात बदलून दिले असते. आणि जिथे रबरी ब्रेक असतात तिथे पैसे वाचवायला स्टीलची चकचकीत रिम देतात, जी पावसात ओली झाली की ब्रेक दाबत रहा, सायकल पुढेच जाते. हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे, बनवणाऱ्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

सगळ्यात जास्त चीड मला क्रँकची, म्हणजे पायडल ज्याला लागतं त्या दांड्याची येते. एक्सलचं टोक चौकोनी, क्रँकचं भोक चौकोनी, वरून नट. नट कारखान्यात किंवा दुकानात नीट आवळला नाही आणि सायकल तशीच आठवडाभर चालली की मऊ धातूचं ते चौकोनी भोक गोल होऊन जातं, मग कितीही आवळा, दोन दिवसात ढिला. म्हणजे एक नट आवळला नाही म्हणून क्रँक भंगारात. आणि पुढचं दातरं, म्हणजे चेन फिरते ते दातेरी चाक, क्रँकला रिव्हेटने ठोकून टाकलेलं असतं त्यामुळे ते एकटं बदलायची सोय नाही, सगळा सेट घ्या. हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, ग्रीस नावापुरतं, कोन इतका आवळलेला की नवी सायकल हाताने फिरवली तरी चाक खरखरतं, सहा महिन्यात कोनवर खड्डे. हे सगळं चार पैसे वाचवायला केलेलं, पण ते चार पैसे गिऱ्हाइकाकडूनच चौपट वसूल होतात, आणि ऐकून घ्यावं लागतं आम्हाला, की मागच्या महिन्यात तर दुरुस्त केली होती.

टायरचा घोळ तर विचारूच नका. 26 म्हणून लिहिलेलं टायर आणि 26 म्हणून लिहिलेलं दुसरं टायर एकमेकांच्या रिमला बसत नाही. गिअरच्या सायकलीची 26 इंची रिम 559 मिलिमीटरची आणि साध्या सायकलीला 26 बाय 1 पूर्णांक 3 अष्टमांश येतं त्याची रिम 590 ची. माणूस खेड्यातून फोनवर साईज सांगतो, टायर नेतो, बसत नाही, परत येतो, एसटीचं भाडं गेलं. तो मिलिमीटरचा आकडा टायरवर बारीक अक्षरात असतो, तो मोठा छापायला काय हरकत आहे?

आता ऑनलाइन खोक्यातून सायकल येते, 85 टक्के फिट केलेली म्हणून. उरलेले 15 टक्के म्हणजे हँडल, पुढचं चाक, पायडल, ब्रेक, ज्याच्यावर जीव अवलंबून आहे ते सगळं, आणि ते घरचा माणूस त्या पत्र्याच्या पान्ह्याने करतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, तो जोर लावून उजव्यासारखं फिरवतो आणि क्रँकचे आटे मारून ठेवतो. पुढचं चाक धरणारा चिमटा उलटा बसवलेल्या, म्हणजे पुढचा ब्रेक मागच्या बाजूला आलेल्या सायकली माझ्याकडे आल्यात आणि त्या लेकरांनी तशाच चालवल्यात. मी त्या माणसाला काय बोलणार, त्याने हौसेने लेकराला वाढदिवसाला घेतली. विकणाऱ्याने फिट करून, ब्रेक तपासून, मगच हातात द्यायला पाहिजे.

मला जास्त काळजी शाळेच्या मुलींची वाटते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी सरकार पैसे देतं, फार चांगली योजना आहे, गावातून शाळेत यायला कितीतरी पोरींना त्याच्यामुळे जमतं. पण मदतीची रक्कम ठरलेली, म्हणून बाप त्या रकमेत बसेल तीच सायकल उचलतो, आणि त्या भावात जी मिळते तिची कथा वर सांगितलीच. बास्केट, घंटी, गुलाबी रंग सगळं असतं. पहिल्या पावसाळ्यानंतर ब्रेकची केबल गंजून अडकते, क्रँक डुगडुगतो, आरे तुटायला लागतात, आणि घरात दुरुस्तीला पैसे काढायचे म्हटलं की पोरीच्या सायकलीचा नंबर शेवटचा. मग ती सायकल गोठ्यात, पोरगी काळीपिवळीची वाट बघत उभी, आणि सरकारी कागदावर तिला सायकल मिळालेली. रकमेसोबत सायकल कशी असावी याचे चार नियम लिहून द्या आणि वर्षातून एकदा शाळेत मेकॅनिक पाठवा. त्याची मजुरी नवीन सायकलीच्या मानाने काहीच नाही, मी स्वतः जायला तयार आहे.

नियम करता येत नाहीत असं पण नाही. 2020 मध्ये केंद्राने सायकलच्या रिफ्लेक्टरला बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा मार्क सक्तीचा केला, फार बरं झालं, अंधारात सायकल दिसायलाच पाहिजे. पण ती थांबायला पण पाहिजे ना, तितकंच कडक लक्ष ब्रेकवर आणि क्रँकवर ठेवा. जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने समिती केली, त्यात शेतीची अवजारं, मोबाईल, घरातल्या मशिनी, गाड्या घेतल्या, आणि सायकल राहिली, जी गरिबाच्या घरातली पहिली गाडी आहे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सायकल मेकॅनिक लोकांनी तिथल्या स्वस्त सायकलींविरुद्ध मागणी केली होती की सायकल बिघडण्याआधी किमान 500 तास तरी चालली पाहिजे आणि दुरुस्त करता आली पाहिजे. 500 तास म्हणजे काय, शाळेत रोज जाऊन येऊन एक तास धरला तर आठवीत घेतलेली सायकल जेमतेम दहावीच्या सहामाहीपर्यंत पुरेल. एवढं पण मागणं जास्त आहे का? सप्टेंबर 2025 मध्ये सायकलवरचा जीएसटी 12 चा 5 टक्के झाला, त्या वाचलेल्या पैशातला थोडा कंपन्यांनी ग्रीसवर आणि चांगल्या नटावर घातला असता तरी फरक पडला असता.

लोकांना पण बोलायचंय, रागावू नका. लॉकडाऊनमध्ये घेतलेल्या कितीतरी सायकली आज पार्किंगच्या कोपऱ्यात धूळ खात आहेत. टायरमध्ये हवा नाही, सायकल बसलेल्या टायरवर महिनोन्महिने उभी, आपल्याकडचं ऊन, मग टायरला बाजूने भेगा पडणारच. चेनला खोबरेल तेल लावतात, ते धूळ धरून बसतं. वॉशिंग सेंटरवर मोटरसायकलसोबत प्रेशरच्या पाण्याने धुतात, आतलं ग्रीस निघून जातं आणि पाणी आत राहतं. येड्या बाभळीचा काटा टायरात तसाच ठेवून ट्यूब बदलून नेतात आणि परत पंक्चर. आठवड्यातून एकदा हवा बघा, महिन्यातून एकदा चेन कोरड्या फडक्याने पुसून मशीनचं तेल थेंब थेंब सोडा, ब्रेक दाबून बघा, क्रँक हाताने हलवून बघा आणि हलला तर त्याच दिवशी मेकॅनिककडे या, पुढच्या रविवारी नको. त्या दिवशी नुसता नट आवळून काम होतं.

आपल्याला विनंती आहे की आपल्या बातमीदाराला एकदा कुठल्याही शाळेच्या सायकल स्टँडवर पाठवा आणि पुढचा ब्रेक नीट लागतो अशा सायकली किती आहेत ते मोजून छापा. सोबत कुणी जाणकार लागला तर मी दुकान बंद ठेवून येईन.

आपला नियमित वाचक,
एक सायकल मेकॅनिक, जालना